मुक्ताच्या वाढदिवसाचं कोडं

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या स्टेशनवर हायडेलबर्गची गाडी नेहमीसारखीच लेट होती. बाकावर शेजारी बसलेला मुलगा मोबाईलकडे बघत चक्क मराठीत पुटपुटत होता – ऑगस्ट, ऑगस्टच असणार! मुक्तानं हळूच डोकावून पाहिलं. इंटरनेटवर गाजलेलं ते वाढदिवसाचं कोडं. एक मुलगी काही तारखा देते, एका मित्राला फक्त महिना सांगते, दुसऱ्याला फक्त दिवस. मग दोघं ‘मला माहीत नाही’ म्हणतात आणि त्यावरून आपण उत्तर काढायचं. मुक्ता तर्कशास्त्रात पीएचडी करत होती. गप्प बसेल तर ती मुक्ता कसली!

“चुकतंय तुमचं,” ती म्हणाली.

तो दचकला, मग असा काही हसला की तिलाही हसू फुटलं. त्याचं नाव अनिमेष. सॉफ्टवेअरवाला, इतकी वर्षं जर्मनीत की दर दोन वाक्यांमागे ‘गेनाऊ’, म्हणजे आपलं ‘अगदी बरोबर’. गाडी आली, भांडण संपलं नाही. मग दर गुरुवारी तीच गाडी, तोच डबा, नवं कोडं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बोलताना तिचा स्कार्फ घसरला की तो न बोलता उचलून द्यायचा, आणि मुक्ता पुढचा मुद्दा विसरायची.

एकदा त्यानं तिचा वाढदिवस विचारला. ती फुकट सांगणार थोडीच? तिनं काही तारखा दिल्या, त्याला फक्त महिना सांगितला आणि रूममेट सुलेखाला फक्त दिवस. दिवस ऐकून सुलेखानं त्याला कळवून टाकलं, ‘मला नाही माहीत.’ बघू, कधी सुटतंय!

गंमत वरवरचीच होती हो. आईनं कोलोनच्या वेदांगचं स्थळ आणलं होतं. मुलगा भला, नाही म्हणायला कारण नाही. वाढदिवसापर्यंत काय ते सांग, आई म्हणाली होती. मुक्तानं मनाशी ठरवलं – अनिमेष त्या दिवशी दारात आला, तर वेदांगला नकार. पण हे अनिमेषला सांगायचं? छे! कोडं सुटलं का विचारलं की तो आपला म्हणायचा, “नाही गं, अजून सुटत नाही…” आणि तिनं ते खरं मानलं. असल्या कोड्यांत कुणी खोटं बोलत नाही ना.

वाढदिवसाला तिनं क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड केलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. बेल एकदाच वाजली, तीही शेजारच्यांच्या पार्सलसाठी. संध्याकाळी तिनं आईला होकार कळवला.

साखरपुड्याची बातमी तिनं त्याला हायडेलबर्गच्या फलाटावर दिली.

“मला तारीख माहीत होती, मुक्ता. सुलेखा ‘मला नाही माहीत’ म्हणाली ना, त्यावरून बाकीच्या तारखा बाद झाल्या आणि त्याच दिवशी कळली.”

“मग सुटत नाही म्हणून का सांगत होतास?”

“सुटलं असतं तर… दर गुरुवारी भेटायला निमित्त काय राहिलं असतं?”

“आणि त्या दिवशी? आला का नाहीस?”

“तू बोलावलं नाहीस. इथे ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो, तोच बोलावतो. दिवसभर फोन हातात धरून बसलो होतो गं. वाटलं, तुला मी नको असेन.”

मुक्ताला स्वतःचाच राग आला. पुण्याची मुलगी ती, वाढदिवसाला माणसं न बोलावताच येतात असं धरून वाट बघत बसली होती. आणि तो इथलाच होऊन गेलेला. एका फोननं भागलं असतं. आता तिकडे वेदांग रोज प्रेमानं मेसेज करत होता, त्याचा काय दोष? शब्द दिला होता तिनं, आणि तो मोडणाऱ्यांतली ती नव्हती.

“मला तू हवा होतास,” ती म्हणाली. निदान एवढं तरी त्याला कोड्याशिवाय कळायला हवं होतं.

त्याची गाडी आली. अभिनंदन करायचं राहिलंच, म्हणत त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, आणि दारं बंद व्हायला लागेपर्यंत दोघांपैकी कुणीच सोडला नाही.