दहीवालीचा खुलासा

औरादहून बिदरला निघालेली सकाळची बस संतपूरच्या थांब्यावर थांबली, तेव्हा विजयश्री खिडकीच्या काचेत बघून ओढणी नीट करत होती. अठरावं नुकतंच सरलेलं, बी.कॉम.चं पहिलं वर्ष. शेजारी सोनू, शाळेपासूनची मैत्रीण, मोबाइल हातभर लांब धरून ओठांचा चंबू करून बसलेली. सोनूला दात घासायच्या आधी रील सुचायचं.

गर्दीतून एक उंच, सावळा मुलगा आत आला. खांद्याला बॅग, आणि दोन्ही हातांत तान्हं बाळ धरावं तसं एक स्टीलचं पातेलं. वर पांढरं फडकं बांधलेलं.

"दांडी धर रे!" बस सुटताच कंडक्टर ओरडला.

"कशानं धरू, अण्णा? दही हाय, बिदरच्या अक्काला," मुलगा हसून म्हणाला… आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावर एक शेळी आडवी आली.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पातेलं मुलाच्या हातातच राहिलं, पण फडकं निसटलं आणि दही काही राहिलं नाही. म्हशीचं, घट्ट, झकास विरजलेलं ते दही सरळ विजयश्रीच्या डोक्यावर येऊन बसलं.

"डोळे हायेत का शर्टाची बटनं?" ती कडाडली.

मुलगा घाबरला. घाबरला की त्याच्या तोंडून सगळ्या भाषा एकदम बाहेर पडायच्या. "क्षमिसि… माफ करो जी… चुकलं, चुकलं माझं!" म्हणत त्यानं तेच फडकं घेतलं आणि तिचे केस पुसायला लागला. दही पुसलं कमी, पसरलं जास्त. विजयश्रीनं त्याचा हात झटकण्यासाठी मान वर केली. दोघांची नजर भिडली. आणि त्याच क्षणी कपाळावरचा एक गोळा सावकाश घसरत तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

"साखर असती तर…" तो पुटपुटला.

मारायला उचललेला हात तसाच राहिला, आणि विजयश्री खळखळून हसली.

एवढंच घडलं होतं. पण सोनूचा मोबाइल चालू होता.

सोनूनं ते दृश्य संथ केलं, वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या, मागं बासरी लावली आणि लिहिलं, 'पहिली भेट, दह्याच्या साक्षीनं!' कॉलेज सुटेपर्यंत ते बिदरभर झालं. दिवेलागणीला औरादच्या मोबाइल दुकानात लोक घोळका करून बघत होते. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या मावशीचा फोन आला, "कोण गं तो?"

खाली कमेंटचा पूर आला. 'लग्न कधी?' 'लग्नात कढी ठेवा.' कुणीतरी लिहिलं, पोरगा कन्नड आहे. कुणी लिहिलं, पोरगी मराठी आहे. मग दही नक्की कुणाचं यावरून दोन्हीकडच्या मंडळींची अशी जुंपली, की गोष्ट आईमाईपर्यंत गेली. विजयश्रीचं नाव मात्र कुणालाच नको होतं. ती 'दहीवाली' झाली.

पहिले दोन दिवस तिला गंमत वाटली. मग बसस्टँडवरची पोरं ओरडायला लागली, "एक पाव दही द्या की, अक्का!" आणि एका कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलं, 'नाक बघा, अर्धा किलो सहज मावलंय.' शेकडो लोकांनी कौतुक केलं होतं, ते सगळं पाण्यासारखं ओघळून गेलं. हे एक वाक्य मात्र काट्यासारखं रुतलं. ती वर्गात ते उघडायची, जेवताना उघडायची, पुस्तकाखाली मोबाइल ठेवून उघडायची. परीक्षेत उत्तरं सुचेनात. ओढणी डोक्यावरून उतरून नाकावर आली.

"डिलीट कर ते," ती सोनूला म्हणाली.

"अगं, इतकी लोकं बघायलेत मला!"

"तुला न्हाई, मला बघायलेत. हसायलेत मला!" विजयश्रीचा आवाज चिरकला.

सोनूनं तिच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं रील काढून टाकलं. काढताना तीही रडली. थोडी मैत्रिणीसाठी, थोडी फॉलोअर्ससाठी. पण तोवर त्याच्या इतक्या नकला फिरत होत्या की मूळ गेल्याचं कुणाला कळलंही नाही.

मग ते अंकुशरावांपर्यंत पोचलं. विजयश्रीच्या वडलांचं औरादच्या मार्केटमध्ये अडत दुकान होतं. त्या दिवशी ते दुकानातून तावातावानं घरी आले.

"तुरीचा भाव विचारायच्या आधी लोकं दह्याचा भाव विचारायलेत मला! उद्यापासून बिदर बंद. काय शिकायचं ते घरी बसून शीक."

"दही सांडलं त्या पोरानं, अन् शिक्षा हिला कामून?" आई सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मग त्यानं सांगावं की लोकांसमोर, आमच्यात काय न्हाई म्हणून!"

"सांगंल," विजयश्री उभी राहिली. "बाजाराच्या दिवसापर्यंत त्याच्याच तोंडून सगळ्यांना सांगून दाखवते. मग तर जाऊ देताल?"

अंकुशराव मिशीला हात लावून म्हणाले, "बघू. बाजारापर्यंत जा."

सकाळी संतपूरच्या थांब्यावर तो मुलगा बसमध्ये चढला. टोपी, मास्क आणि गॉगल अशा वेशात, त्यामुळं सगळ्या बसनं त्याला लगेच ओळखलं. त्याचं नाव लिंगराज. बिदरला जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करत होता.

"तुझ्यामुळं माझं कॉलेज बंद व्हायलंय," विजयश्रीनं त्याला गाठलं.

"माझं चालू हाय म्हणून मी रडायलोय," तो म्हणाला. "वर्गात शिरलो की सगळे म्हशीसारखं हंबरतेत. आमचे सर पण विचारतेत, लिंगराज, आज विरजण लागलं काय?"

तिला हसू येत होतं, तिनं ते दाबलं. "मग दोघं मिळून खुलासा करू. व्हिडिओत. सोनू काढंल, तिचं पाप तिलाच फेडू दे."

दुपारी तिघं बिदरच्या किल्ल्यात गेले. हिरवळीवर दोन-चार कुटुंबं डबे सोडून बसलेली, वर स्वच्छ ऊन. सोनूनं मोबाइल सरळ धरला. विजयश्रीनं ओढणी नाकावर ओढली.

"तोंड झाकून कसला खुलासा?" लिंगराजनं विचारलं.

"लोकं नाकाला नावं ठेवायलेत."

तो पुढं झुकला. अगदी मन लावून, तपासायला आणलेल्या जनावराकडं बघावं तसं त्यानं बघितलं. "चांगलं हाय की. आमच्याकडं म्हैस घेताना बघतेत, नाक भरदार असलं की—"

"म्हशीचं नाक म्हणायलास मला?"

"न्हाई न्हाई! म्हणजे… व्हय, पण एकदम चांगल्या म्हशीचं!"

सोनू हिरवळीवर लोळायला लागली. विजयश्री त्याला मारायला धावली, अर्ध्या वाटेत पोट धरून खाली बसली, आणि ओढणी कुठं घसरली ते तिच्या लक्षातही आलं नाही. कितीतरी दिवसांनी वारा तिच्या सगळ्या चेहऱ्याला लागत होता.

"असं हसत बस," तो हळूच म्हणाला. "कमेंट वाचत बसण्यापेक्षा बरं दिसतंय."

"काम कर काम," ती लाजून म्हणाली.

काम काही केल्या होईना. पहिल्यांदा लिंगराज ठणकावून म्हणाला, "माझं आणि विजयश्रीचं काय तरी आहे." 'काय न्हाई' म्हणायचं विसरलाच. पुढच्या वेळी तो अर्ध्यातच कन्नडमध्ये घुसला. मग ती बोलायला लागली, तर तो तिच्याकडं असा टक लावून बघत राहिला की सोनू वैतागली. "अरे, कॅमेऱ्याकडं बघ की! खुलासा करायलास की दर्शन घ्यायलास?" किती वेळा काढलं कोण मोजतंय? उन्हं कलली. सोनूची बॅटरी संपत आली.

"एक सोपं करू," विजयश्रीला सुचलं. "तू म्हण, ही मला बहिणीसारखी आहे. विषय संपतो."

 लिंगराज बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला.

"म्हण की."

"तेवढं सोडून काय बी म्हणतो."

"कामून?"

"खोटं बोललं की अम्मा मारते."

सोनूनं मोबाइल खाली घेतला. विजयश्रीनं उगीचच ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. कानाच्या पाळ्या तेवढ्या गरम झाल्या. शेवटी तीच म्हणाली, "मग… नुसतं 'आमची ओळख न्हाई' एवढंच म्हण."

"तेवढं म्हणतो," तो म्हणाला. "पण आजच म्हणतो. उद्या ते बी खोटं व्हणार."

तो व्हिडिओ अखेर झाला. दोघं हातभर अंतर ठेवून उभे, सरळ बोललेले. ब्रेक लागला, दही सांडलं, आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो, कृपा करून त्रास देऊ नका. सोनूनं पाकळ्या सोडल्या नाहीत, बासरी लावली नाही. 'चूक माझी होती' असं खाली स्वतःच्या नावानं लिहिलं. त्रास देणाऱ्यांपैकी बरेच जण वरमले. पण बाकीच्यांनी लिहिलं, 'खुलासा पटला. पण पोरगं बघतंय कसं ते बघा!'

बाजाराच्या दिवशी अंकुशरावांनी दुकानात बसून तो व्हिडिओ बघितला. मग परत बघितला. घरी येऊन एवढंच म्हणाले, "उद्या मी बी बिदरला येणार. तू पुढं बस. मागं वळून बघायचं न्हाई."

 दुसऱ्या दिवशी संतपूर येईपर्यंत विजयश्रीनं जेवढे देव आठवत होते तेवढ्यांना हाक मारली. थांब्यावर लिंगराज चढला. आज टोपी नाही, मास्क नाही. त्यानं तिला बघितलं, पण लोकांना बोलायला निमित्त नको म्हणून सरळ मागं गेला. तिच्या मागच्याच बाकावर एक धोतर-टोपीवाले गृहस्थ बसले होते.

"बस की इथं, बाळा," गृहस्थ म्हणाले.

विजयश्रीनं डोळे मिटले. ते गृहस्थ म्हणजे अंकुशराव.

"काय शिकतोस?"

"जनावरांचं, काका."

"आमची म्हैस पान्हा चोरायलीय. काय करावं?"

लिंगराजची कळी खुलली. चारा काय, पाणी किती, रेडकू कुठं बांधता, सगळं त्यानं विचारलं. अंकुशराव कधी 'हं' म्हणत होते, कधी नुसतेच खोकत होते.

"घरी कन्नडच बोलता?"

"व्हय. पण आमची म्हैस उदगीरच्या बाजारातली. तिला मराठीच कळतंय. तिच्यामुळंच मराठी शिकलो मी."

अंकुशराव हसले. विजयश्रीनं खिडकीचा गज घट्ट धरला, कारण ते हसल्यावर हटकून मुद्द्यावर येतात हे तिला ठाऊक होतं.

"पुढं बसलीय ती व्हिडिओतली पोरगी न्हाई काय?"

"हळू बोला, काका. ऐकू जाईल."

"जाऊ दे की. खरं काय ते सांग मला. काय हाय तुमच्यात?"

बस खड्ड्यात आदळली. विजयश्रीनं मनातल्या मनात त्याला सांगितलं, गप्प बस, काही बोलू नकोस. पण मनातलं ऐकू जायला तो काही तिच्याकडं बघत नव्हता.

"काय न्हाई, काका. खरंच न्हाई," लिंगराज म्हणाला. "पण मला वाटतंय, व्हावं. आधी नोकरी लागू दे, तिचं शिक्षण पुरं व्हू दे. तिचे वडील लई कडक हायेत म्हणतेत. मग मी त्यांच्या घरी जातो अन् सरळ त्यांनाच विचारतो."

"काय विचारशील?"

"ते अजून ठरलं न्हाई. भीती वाटायलीय."

"मग वाटू दे," अंकुशराव म्हणाले. "मीच तिचा बाप."

लिंगराज उभा राहिला. "क्षमिसि… माफ करो… चुकलं…" सगळ्या भाषा घोळक्यानं बाहेर पडल्या. बसमध्ये कुजबुज झाली, माना वळल्या आणि चार-पाच मोबाइल वर उठले.

"फोन खाली!" अंकुशराव गरजले. अडत्याचाच आवाज तो, भरल्या मार्केटमध्ये लिलाव बोलणारा. सगळे मोबाइल खिशात गेले. कंडक्टरनंही तिकिटाचं मशीन खाली ठेवलं.

मग ते लिंगराजकडं वळले. "आधी दोघांनी पास व्हायचं. बाकी लई गोष्टी हायेत, त्या तेव्हा बघू. घरी ये एकदा, म्हैस बघायला. म्हैस, काय?" आणि ते उठून ड्रायव्हरमागच्या बाकावर जाऊन बसले. पाठ करून.

विजयश्री सावकाश मागं वळली. लिंगराजचा चेहरा घामानं डबडबला होता.

"सगळं… ऐकलंस काय?" त्यानं विचारलं.

शाळेत नुसतं मार्कांपुरतं घोकलेलं कन्नड तिनं सारं आठवून बघितलं. त्यातला होकाराचा एकच शब्द कामाचा होता.

"हौदु," ती म्हणाली. "अन् मला बी तसंच वाटतंय."

"व्हय?" लिंगराज चक्क नुसत्या मराठीत ओरडला, आणि पुढच्या बाकावर अंकुशराव मोठ्यानं खोकले.