बंद इंजिनाचं प्रेशर

ट्रक विकायचा होता म्हणून मी प्रल्हादकाकांना बोलावलं. दुसरं काही कारण नव्हतं.

ट्रक माझ्या नवऱ्याचा, अंकुरचा. अंकुर ऑगस्टमध्ये गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसायला निघाला आणि बसलाच नाही. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. मी गॅस बंद केला, लेकीला, इलाला, स्विमिंगहून उचललं आणि गेले. त्यानंतरचं सगळंच मी तसं केलं, गॅस बंद करावा तसं. लोक म्हणायचे, ज्ञानदा खंबीर आहे. खंबीर कसली! दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो? आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तशी झाले होते मी.

इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, पहिला बर्फ पडला तेव्हा माझी गाडी दारात गाडली गेली आणि गॅरेजमध्ये तो ट्रक आरामात उभा. जुना पिकअप, इलाच्या दुप्पट वयाचा, लाल रंग उडून विटकरी झालेला. अंकुरनं तो हौसेनं आणला होता. "यात तू नेणार काय?" मी विचारलं होतं. "कंपोस्ट," तो म्हणाला. कंपोस्ट एकदाच आणलं. बाकी सगळे रविवार तो त्याच्या इंजिनात डोकं घालून उभा असायचा, कारण ट्रक चालू केला की आतून एक आवाज यायचा. टिक्, टिक्, टिक्. तो कशाचा, हे त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही.

दोन गावं पलीकडचा एक सुतार ट्रक घ्यायला तयार होता. फक्त तो आवाज कशाचा ते कळू दे, म्हणाला. समोरच्या दीपाचे वडील, प्रल्हादकाका, नुकतेच पुण्याहून आले होते. आयुष्यभर चिंचवडला इंजिनांच्या टेस्टिंगमध्ये काम केलेला माणूस. इथे दिवसभर खिडकीत बसून असायचे. मी विचारल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

शनिवारी दुपारी ते आले. बाहेर बर्फ पडत होता, बारीक, आवाज न करता. धूर बाहेर जावा म्हणून गॅरेजचं मोठं दार अर्धं वर केलं होतं. त्यातून राखाडी उजेड जमिनीवरून आत येत होता, कमरेपर्यंत. वर सगळा अंधारच होता.

इला आधीच ट्रकमध्ये होती. ती चौदा वर्षांची आहे. शाळेतून आली की होमवर्क घेऊन ट्रकमध्येच बसायची. मी तिला कधी अडवलं नाही. मला त्यात काही वाटलं नाही.

"इला बाळ, किल्ली आहे ना तुझ्याकडे? मी सांगितलं की चालू कर," काका म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. ते वर झालं तशी समोरची काच झाकली गेली. आता आम्हांला ती दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता.

काकांनी तेल मोजायची डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, काढली. तेल बोटांवर घेऊन वास घेतला. "लेव्हल बरोबर आहे. पेट्रोल मिसळलेलं नाही. मार स्टार्टर."

इंजिन दोनदा कुरकुरलं आणि सुरू झालं. आणि त्याच्या मागोमाग ते आलं. टिक्, टिक्, टिक्.

"ऑइलचा काटा काय म्हणतो?"

"झिरो, काका," आतून इला म्हणाली.

"बंद कर, बंद कर!" ते घाईनं म्हणाले. मग मला समजावलं, "प्रेशर खरंच शून्य असेल तर इंजिन मिनिटांत खलास. पण डॅशबोर्डचा काटा खोटंही बोलतो. त्याचा सेन्सर गेला की संपलं." त्यांनी तो सेन्सर पान्यानं काढला आणि तिथे सोबत आणलेली नळी बसवली. नळीच्या टोकाला तळहाताएवढं घड्याळासारखं गेज होतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे खोटं बोलत नाही. यात वीज नाही, काही नाही. तेल ढकलेल तेवढाच काटा हलेल."

परत चालू केलं. माझ्या हातातला काटा उचलला आणि चाळीसच्या पुढे जाऊन थांबला.

"झकास!" काका हसले. "पंप ठणठणीत आहे. आता हा पाहुणा कोण ते बघू."

त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती ऐकतात तसं एकेका जागी ऐकत गेले. एक्झॉस्टची गळती असेल तर इंजिन तापल्यावर आवाज कमी होतो, म्हणाले. आम्ही थांबलो. इंजिन तापलं. आवाज कमी झाला नाही.

"मग टॅपेट असेल, व्हॉल्व्हवर ठोकतं ते. इला, ॲक्सिलरेटर दाब जरा."

इंजिन गुरगुरलं, चढलं, सगळा ट्रक थरथरायला लागला. काका वाकून ऐकत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"अजून दाब."

इंजिन किंचाळायला लागलं. आणि त्याच्या पोटात, अगदी संथ... टिक्... टिक्... टिक्.

त्यांनी हात वर केला. इंजिन खाली आलं.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "इंजिनातला प्रत्येक आवाज इंजिनाबरोबर पळतो. पळावंच लागतं त्याला. हा पळत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे हा इंजिनाचा नाही." मग जरा मोठ्यानं, "बंद कर बाळ."

इंजिन बंद झालं. पत्र्यावर बर्फ घासल्याचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता झाली. त्या शांततेत ते चालूच होतं.

टिक्... टिक्...

"लोखंड थंड होताना वाजतं कधी कधी," काका म्हणाले. पण त्यांनाच ते पटलं नव्हतं. थंड होणारं लोखंड असं ठेक्यात वाजत नाही. तेव्हाच मला वास आला. संत्र्याचा. हातावरचं ग्रीस जावं म्हणून अंकुर एक दाटसर साबण वापरायचा, त्याचा. तो डबा मी ऑक्टोबरमध्येच टाकून दिला होता.

"ज्ञानदा," काका हळूच म्हणाले. "गेज बघ."

इंजिन बंद झाल्यावर काटा शून्यावर पडला होता. तो मी पडताना पाहिला होता. आता तो उचलत होता. दहा. पंधरा. प्रत्येक टिकबरोबर थोडा, जसं कुणी आतून हातानं ढकलतंय. वीसवर येऊन थरथरत राहिला. नळी माझ्या बोटांत कोमट होती.

"पंप फिरत नाहीये," काका पुटपुटले. "इंजिन बंद आहे... काही फिरत नाहीये. हे तेल... ढकलतंय कोण?"

त्यांनी नळीला हात घातला, बहुधा ती काढायला. आणि ट्रकमधून इलाचा आवाज आला, अगदी शांत.

"डोन्ट, काका. ही ऑलमोस्ट हॅज इट."

काकांनी हात मागे घेतला. "कोण बाळ? कुणाला सापडत आलंय?"

"बाबा. ही सेज इट्स नॉट द टॅपेट."

टॅपेट हा शब्द तिनं त्याच दुपारी काकांकडून ऐकला असेल. मी स्वतःला तेच सांगितलं. काका आता माझ्याकडे बघत नव्हते. "पोरीला बाहेर काढ," ते एवढंच म्हणाले.

मी गेज बॅटरीवर ठेवलं, ट्रकला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि दार उघडलं. सीट पूर्ण मागे सरकवलेली होती, अंकुरच्या पायांना लागायची तेवढी. त्यावर कुणी नव्हतं. इला पलीकडच्या सीटवर होती. पट्टा लावलेला, मांडीवर गणिताचं पुस्तक, पाय वर घेऊन त्यावर ब्लँकेट. किल्ली तिला तिथून वाकून फिरवता आली असती. पेडलपर्यंत तिचा पाय पोचलाच नसता.



"आई, प्लीज. जस्ट फाइव्ह मिनिट्स."

"जेवायचंय," मी म्हणाले. दुपारचं जेवून झालं होतं आमचं. पलीकडे जाऊन मी तिचा पट्टा सोडवला, हाताला धरून उतरवलं. ती उतरली. जाताना तिनं दार हळूच लावलं, आत कुणी झोपलं असावं तसं. मला भीती वाटली नाही, खरं सांगते. आत, छातीच्या जागी, काही हललंच नाही. भीती वाटायला हवी एवढं मात्र कळत होतं.

काकांनी चहा घेतला नाही. पायरीवर बर्फातच उभे राहिले. टोपी हातात होती. "इंजिनात बिघाड नाही. त्या माणसाला तेवढंच सांग," म्हणाले. "आणि लवकर ने म्हणावं."

तो सुतार दुसऱ्याच दिवशी आला. काकांनी लांबूनच हात करून त्याला नळी काढून सेन्सर परत लावायला सांगितलं. त्यानं किल्ली फिरवली, कान देऊन ऐकलं, आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. आवाज नव्हता. डॅशबोर्डचा काटाही मधोमध. ट्रक इतका गुपचूप दारातून बाहेर पडला की मला वाटलं, चालूच केला नाही. इला जिन्यात बसली होती. ती रडेल म्हणून मी शेजारी बसले.

"इट्स ओके, आई," ती माझी पाठ थोपटत म्हणाली. "ही डझन्ट नीड द ट्रक."

गॅरेज रिकामं झालं. मी ते झाडलं, धुतलं. गाडी मात्र आत लावली नाही. उद्या लावू, म्हणत राहिले.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं. कचऱ्याचे डबे मागच्या कोपऱ्यात आहेत. घरातून आलं की सरळ चार पावलं. पण इला सरळ जात नव्हती. भिंतीला लागून, अंग चोरून, मोठा वळसा घालून जायची. वळताना हात जरा पुढे करायची, कडेला काही लागू नये म्हणून. मी तिला हाक मारणार होते. तेवढ्यात मला जाणवलं की मीही रोज तशीच जाते.

त्या रविवारी, भर दुपारी, दिवा लावून, मोठं दार सगळं उघडून मी मुद्दाम सरळ चालत गेले. जमीन कोरडी, स्वच्छ, रिकामी होती. बाहेर ऊन होतं, बर्फावरून परतून आत येत होतं. तिसऱ्या पावलाला माझी मांडी कशावर तरी आपटली. जोरात, चालत्या माणसाची उभ्या गाडीवर आपटते तशी. मी तोल जाऊन खाली बसले. समोर काहीही नव्हतं.

मांडीवर वळ उठला. सरळ, आडवा, काळानिळा, धातूच्या कडेनं उमटावा तसा. दीपानं मलम आणून दिलं, ते मी लावलं नाही. दोन महिने होत आले. असा मार आठवड्यात पिवळा पडून जातो. हा जात नाही. रोज सकाळी थोडा गडद दिसतो, जसं रात्री कुणी परत तिथेच काही दाबलंय. मी अंघोळीनंतर त्यावर अंगठा ठेवते आणि दाबते.

दुखतं. खूप दुखतं. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच मला कुठे काही दुखतंय. म्हणून मी कुणाला दाखवत नाही.