पोचपावतीवरची सही

आलोशियस म्हाताऱ्याने दोन सदरे, रोजरीची माळ आणि तंबाखूची डबी पंच्यात बांधली, आणि गाठ मारताना एकदाही वर पाहिलं नाही.

"पापडीला मुलीकडे चाललो," तो सुनेला म्हणाला. "कॉन्रॅड आज येतोय. त्यानेच सांगितलंय ना, परत येईन तेव्हा तुमचं तोंड दिसता कामा नये."

सालोमी चौकट धरून उभी होती. तिच्या जिभेवर एकच शब्द येत होता आणि काही केल्या बाहेर पडत नव्हता...

तिचा नवरा कॉन्रॅड पहिल्यांदा सात वर्षं फौजेत काढून सांडोर गावात, आपल्या केळीच्या बागेत परतला तेव्हा लोकांना वाटलं, सुटला. सुटला कुठला! शिपाई घरी आला तरी त्याचं नाव राखीव यादीत राहतं, आणि लढाईची चिन्हं दिसू लागली की रजिस्टर पत्र येतं, सोबत रेल्वेचं वॉरंट... अमुक तारखेच्या आत डेपोत हजर व्हा. एकाहत्तरच्या नोव्हेंबरात ते आलं तेव्हा तो बागेला पाणी लावत होता. पोस्टमनने पोचपावती पुढे केली आणि सालोमीने सही केली. नवऱ्यानेच ओटीवर कोळशाने गिरवून शिकवलेली सही! सगळं नाव एका रेघेखाली तिला कधी जमलंच नाही. 'सालो' एकीकडे, 'मी' दुसरीकडे. तो हसायचा, "तुझा मी नेहमी पळून जातो."

पाकीट तांदळाच्या पिंपात गेलं, आणि आपली पाळी अजून आली नाही असंच कॉन्रॅड धरून चालला. पोटात तिसरा महिना होता, काय करणार बिचारी, असं म्हणावं तर म्हणता येतं. पण त्याच दिवशी शेजारच्या फ्रेडरिकलाही पत्र आलं होतं, आणि त्याची आई अँजेलिना डोळे पुसत त्याला स्टेशनवर पोचवून आली. तिला काय काळीज नव्हतं? देवळात मिस्साला गुडघे टेकले की हाच प्रश्न सालोमीला जाळायचा.

डिसेंबरात फ्रेडरिकने कळवलं, 'रोज हजेरीला तुझं नाव पुकारतात आणि कोणी ओ देत नाही.' गावात तोवर कुजबुज सुरू झाली होती, घाबरला म्हणे. कॉन्रॅडने घर उलथंपालथं केलं. पिंपातून पाकीट निघालं, आणि सालोमीचे ओठ हलण्याआधी म्हातारा पुढे झाला.

"मी घेतलं पोस्टमनकडून. मीच लपवलं. एकुलता एक आहेस."

आणि ती गप्प राहिली... पदर तोंडात कोंबून गप्प राहिली! कॉन्रॅड बापाला नको ते बोलून डेपोकडे निघाला. तो गाडीत असतानाच लढाई थांबली. त्यानंतर महिनाभर ती सासऱ्यापुढे ताट ठेवी, आणि तो म्हणे, "आधी तू जेव पोरी, दोन जिवांची आहेस." त्या मायेपेक्षा त्याने चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि आज कॉन्रॅड केळींतून येताना दिसला. म्हाताऱ्याने गाठोडं उचललं. सालोमीने ते धरलं.

"थांबा, बाबा." ती नवऱ्याकडे वळली. "मी... मी लपवलं होतं. बाबांचा काही दोष नाही."

कॉन्रॅडने ट्रंक खाली ठेवली. "ठाऊक आहे. डेपोत साहेबाने परत आलेली पोचपावती पुढे टाकली. बाबा तर अंगठा लावतात. आणि तिच्यावर सालो, आणि पळालेला मी."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"साहेबाला ते अक्षर लागत नव्हतं. सही माझीच म्हणालो."

सात वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात लाल शाईची ओळ पडली होती, पत्र मिळूनही वेळेत हजर झाला नाही म्हणून.

कॉन्रॅड बापाच्या पायांशी वाकला. "तुमचं तोंड दिसू नये म्हणालो होतो, बाबा. आता मलाच माझं दाखवायची लाज वाटते."

म्हातारा बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिला. मग गाठोडं सुनेपुढे सरकवून म्हणाला, "गाठ सोड गं. घट्ट बसलीय, माझ्या बोटांनी सुटत नाही."

रविवारी मिस्सा सुटल्यावर सगळं गाव देवळाबाहेर उभं होतं. फ्रेडरिक अजून सीमेवरच होता. कुणीतरी कॉन्रॅडकडे पाहून हसलं. तेव्हा सालोमी पोटावर हात ठेवून अँजेलिनासमोर जाऊन उभी राहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ते नव्हेत घाबरले. मी."