शाईचा डाग असलेला गाऊन

"बंद करा! आधी बंद करा ते दिवे!"

आमच्या प्रेमकथेतलं हे पहिलं वाक्य. तेही माझं. तोंडात टाचण्या धरलेल्या असताना मी इतकं स्पष्ट कशी ओरडले, देव जाणे.

त्या बिचाऱ्याने एवढंच केलं होतं, की संग्रहालयाच्या दालनात शिरून भिंतीवरची सगळी बटणं एकदम दाबली होती. मी पुतळ्यासमोर गुडघे टेकून बसले होते. पुतळ्याच्या अंगात चाळीस वर्षांपूर्वीचा पिस्ता रंगाचा रेशमी गाऊन होता.

"अहो, मी दिवे लावायलाच आलोय," तो म्हणाला. "तेच माझं काम आहे."

"आणि हे रेशीम जपणं माझं. एवढा उजेड रोज पडला तर याचा रंग उडून जाईल."

"मग लोकांनी काय चाचपडत बघायचं?"

"डोळ्यांना सवय होते हळूहळू."

खटाखट बटणं बंद झाली. कोपऱ्यातला एकच दिवा मिणमिणत राहिला. "बघू होते का," तो अंधारातून म्हणाला. "नाहीतर उद्या येताना काठी घेऊन येतो."

मला हसू फुटलं आणि तोंडातली टाचणी खाली पडली. तो लगेच खाली बसला, फरशीवर हात फिरवत शोधत राहिला. सापडली तेव्हा तळहातावर ठेवून त्याने ती पुढे केली… आणि ती उचलायला मला उगाचच वेळ लागला.

प्रदर्शन होतं सौंदर्यस्पर्धांच्या इतिहासाचं. पहिल्या भिंतीवर पोहण्याच्या पोशाखात समुद्रकिनारी रांगेत उभ्या केलेल्या मुली आणि त्यांच्या डोक्यावर साबणाच्या जाहिराती. दुसऱ्या भिंतीवर मोजपट्टी घेतलेले परीक्षक, एखादा पूल बांधायचा असावा इतक्या गंभीर चेहऱ्याने कंबर मोजताना. पुढे मुकुट आले, पट्टे आले, मग प्रश्नोत्तरं आली. शेवटच्या भिंतीवर आजच्या स्पर्धक होत्या. त्यांत लग्न झालेल्या होत्या, आई झालेल्या होत्या, एक चाकांच्या खुर्चीतली होती. शेजारी पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद केल्याची बातमी.

"मुलींना बोलताही येतं, हे कळायला माणसांना किती वर्षं लागली बघा," शिडीवरून तो म्हणाला.

"सगळ्यांना अजून कुठे कळलंय?"

"मला कळलंय. तुम्ही पहिल्याच दिवशी ओरडलात ना."

तो मला काळोखबाई म्हणायचा, मी त्याला दिवेवाले. मग 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकेका दिव्यावरून आम्ही भांडायचो. तो किंचित उजेड वाढवायचा, मी डोळे वटारायचे, तो कमी करायचा. पण कमी करण्याआधी तो गाऊनकडे बघायचाच नाही… माझ्याकडे बघायचा. मी मान खाली घालून नसलेली टाचणी टोचत बसायचे.

त्या गाऊनच्या उजव्या बाजूला, कमरेखाली, शाईचा मोठा निळाकाळा डाग होता. एकदा तो डागासमोर बराच वेळ उभा राहिला.

"हा माझ्या आईचा गाऊन आहे," तो म्हणाला.

मी बघतच राहिले. "म्हणजे विजेती…"

"हो. मुकुट डोक्यावर ठेवला त्याच क्षणी प्रेक्षकांतून कोणीतरी दौत फेकली. स्पर्धेला विरोध करणाऱ्या बायका शिरल्या होत्या आत. आईने फुलांचा गुच्छ डागावर धरला आणि तशीच हसत उभी राहिली. सगळ्या फोटोंत गुच्छ बघ किती खाली आहे." तो माझ्याकडे वळला. "गाऊन तिने दिलाय तो एकाच अटीवर. डाग काढा, नाहीतर मांडू नका. ती रात्र अजून सलते तिला."

डाग काढणं शक्य नव्हतं. शाईने खालचे धागे कुजवले होते. घासायला गेलं तर हातात भोकच आलं असतं. पण त्याचा चेहरा बघून मी 'बघते' म्हणाले. प्रेमात पडलं की माणूस असं काहीही कबूल करतं.

घरी आल्यावर हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. आई मटार सोलत होती. निवृत्त शिक्षिका, नाकावर माशी बसू न देणारी. मी लहान असताना कोणी 'किती गोड दिसते' म्हणालं, तर आई लगेच म्हणायची, "आणि पाढेही येतात तिला."

"गाऊन कुठल्या रंगाचा?" तिने विचारलं.

"पिस्ता."

शेंग तिच्या हातातच राहिली.

"दौत मी फेकली होती," आई म्हणाली. "शाळेतली होती. परीक्षकांच्या टेबलावर फेकायची होती गं… नेम चुकला."

हसावं की रडावं कळेना. त्या मुलीवर शाई उडालेली पाहून आई तिथून जी पळाली, ती थेट घरी. याबद्दल ती कधी कोणाशी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही. तो उजेड वाढवत गेला, मी डोळेसुद्धा वटारले नाहीत. शेवटी तो शिडीवरून खाली उतरला.

"माझं काही चुकलं का?"

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. पण याच्या समोर बसून आयुष्यभर जेवायची स्वप्नं मी बघत होते. एवढी गोष्ट पोटात ठेवून ते जमलं नसतं. मी सांगून टाकलं. डाग निघणार नाही हेही, आणि तो कोणी पाडला हेही.

त्याने ऐकलं. हातातला पाना खिशात घातला. "येतो मी," म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर तो आला नाही. मी रोज दाराकडे बघायचे आणि स्वतःलाच रागवायचे. किती वेडी होते मी! बुटांचा आवाज आला तरी धावत दाराशी जायचे, आणि यायचा तो पहारेकरी. मग एका दुपारी त्याचा फोन आला. "उद्या आईला घेऊन येतोय. तुझ्या आईलाही बोलाव." बास, एवढंच. सूर कसला होता, काही कळलं नाही.

त्याची आई आली. उंच, पिकले केस, पायांत साध्या चपला. माझी आई आधीच येऊन गाऊनसमोर उभी होती, शाळेच्या तपासणीला उभी असल्यासारखी ताठ.

"मीच फेकली," आई म्हणाली. "तुमच्यावर नव्हती फेकायची. माफ करा. हे त्याच दिवशी म्हणायला हवं होतं."

त्याच्या आईने पुढे होऊन डागाजवळ बोट नेलं. हात लावू नका म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, पण मी ते मिटलं.

"फार राग होता मला," ती हळूच म्हणाली. "वडिलांनी मी स्पर्धेत गेले म्हणून बोलणं टाकलेलं, आणि तुम्ही बायकांनी शाई टाकली. माझ्या बाजूचं कोणी नव्हतंच हो त्या रात्री."

आईचे डोळे भरून आले. माझी आई रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"आम्ही तुमच्याच बाजूने ओरडत होतो," ती म्हणाली. "म्हणजे… आम्हाला तसं वाटत होतं. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं."

"ओरडत काय होता? मला नीट ऐकूच आलं नव्हतं."

"मुलींचा बाजार मांडू नका."

त्याच्या आईला एकदम हसू आलं. "वर्षभर दुकानांच्या फिती कापत फिरले, तेव्हा मीही मनात हेच म्हणत होते. पण त्याच पैशांवर शिकले, बरं का. मुकुट काही परत देणार नाही मी."

"मुलींना रांगेत उभं करणं मला आजही पटत नाही."

"मग डाग दिसू दे," त्याची आई माझ्याकडे वळून म्हणाली. "मी होते आणि तुमची आईही होती, हे कळू दे लोकांना."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दोघी भिंतीमागून भिंत बघत, कडाकडा भांडत पुढे गेल्या. तो माझ्याजवळ आला.

"तू सांगितलंस म्हणून रागावलो नव्हतो मी," तो म्हणाला. "आईला कसं सांगायचं, ते सुचत नव्हतं."

"शाईचं?"

"ते पटकन सांगून झालं. दुसरं सांगायला वेळ लागला… की त्याच घरातली मुलगी मला हवी आहे. जन्मभरासाठी." त्याने हात पुढे केला. "तुला चालेल का गं?"

मला इतका आनंद झाला! मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

पलीकडच्या भिंतीजवळचं भांडण केव्हाच थांबलं होतं. दोघी आमच्याकडे बघत होत्या.

"अगं, बघतेस काय? हो म्हण की!" दोघीही एकदम ओरडल्या.

त्या दुपारभरात दोघींचं एकमत झालं ते तेवढंच. मी हो म्हणाले.