समुद्राकडचा फाटा

बस, पोरी. ती निळी खुर्ची घे, दुसरीचं कापड फाटलंय. तुझा नवरा चाकांत हवा भरून येईपर्यंत चहा होईल. दिवा असा मध्येच राहू दे. आणि मी तोंड फिरवून बोलते म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या नजरेला मधोमध डाग पडलाय. माणसाकडे सरळ बघितलं की माणूसच दिसेनासा होतो, कडेनं बघितलं की थोडा दिसतो. सवय होते.

तू विचारलंस, म्हातारी एकटी इथे काय करतेय, या लाल धुळीत, दगडांवर टेकवलेल्या कॅरव्हॅनमध्ये. सांगते. मला इथे यायचं नव्हतं, एवढं आधी ऐकून ठेव.

आम्ही खाली दक्षिणेकडच्या कडीना गावचे. तिकडे जून लागला की हिवाळा, पाऊस आणि बोचरा वारा. आमच्या वयाची निम्मी गल्ली घराला कुलूप लावते, गाडीमागे कॅरव्हॅन जोडते आणि निघते. कोणी किनाऱ्याकिनाऱ्यानं, कोणी आतल्या मुलखात. माझा नवरा मर्व्ह दर हिवाळ्यात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा आणि विचारायचा, "बोल ग्लेन, यंदा कुठे?" मी दर वेळी बोट ठेवायची पार पश्चिमेला, जिथे जमीन एकदम तुटते आणि खाली समुद्रात देवमासे पिल्लं घेऊन येतात. मर्व्ह मान हलवायचा, चष्मा पुसायचा, नकाशाची घडी घालायचा आणि म्हणायचा, "समुद्रात काय बघायचं? पाणी." की निघालो उत्तरेला. खडक, वाळू, माश्या, पुन्हा खडक. लग्न झाल्यापासून हेच. नुसतं ओढत नेलं असतं ना, तर मी भांडले असते. पण तो विचारायचा. विचारून न ऐकणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते मला कधी जमलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात टोमॅटोच्या वाफ्यात कोसळला आणि गेला. लोक भेटायला आले, मी रडले. खोटं नाही रडले. पण रडता रडता मनात आलंच, की आता समुद्र. पुढच्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिसेस पॅस्को, काय गाडी चालवायची ती याच हिवाळ्यात चालवून घ्या. काय बघायचं तेही. पुढच्या वर्षी देवमासा समोर आला तरी दिसायचा नाही." म्हणजे हाच एक हिवाळा. कळलं ना तुला?

मुलीनं एकटीला सोडलं नाही. म्हणून मर्व्हची थोरली बहीण एल्वा सोबत आली. एल्वा दिवसभर विणते, पेपरमिंट चघळते आणि भावाचं कौतुक करते. गाडी मी चालवायची आणि रस्त्यावरच्या पाट्या तिनं वाचायच्या, असं ठरलं. गाडीचं मला जमत होतं. रस्त्याच्या कडा दिसत होत्या.

पोर्ट ऑगस्टाचा पूल ओलांडला की पुढे रस्ता फुटतो. सरळ पश्चिम, उजवीकडे आतला मुलूख.

"इथून उजवीकडे," एल्वा म्हणाली.

"आपण सरळ जातोय."

"मर्व्ह तर नेहमी..."

"मर्व्ह नाहीये, एल्वा."

ती सुया जोरजोरात चालवायला लागली. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. साठी उलटून गेलेली बाई, पण मी चक्क मोठ्यानं गात होते.

गाडीत खाली एक रेडिओ बसवलेला होता. तुमच्याही गाडीत असेल, गाडीगाडीत बोलायचा. मर्व्हचा तो जीव की प्राण. मला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, बायका त्याच्यावर फार बोलतात. आणि स्वतः तासन् तास ट्रकवाल्यांशी गप्पा. मी तो चालू ठेवला होता, कारण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही हे सांगावं लागतं. एवढी मोठी कॅरव्हॅन मध्ये असताना त्याला पुढचं काही दिसत नाही.

दुपारी तसा एक आला. तीन डबे जोडलेला, आरशात मावेना. रेडिओवर त्याचा आवाज आला, "पुढची कॅरव्हॅन, जाऊ का पुढे?" मी बटण चाचपडत होते. एल्वाला म्हटलं, बघ गं, समोरून काही येतंय का. ती चष्मा शोधतेय तोवर तो ट्रक बाहेर निघाला आणि धडधडत पुढे गेलासुद्धा. जाता जाता म्हणाला, "थँक्यू, दोस्त. बरं झालं सांगितलंस."

"कोणाला म्हणाला?" मी विचारलं.

"दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला असेल," एल्वा म्हणाली. आमच्या मागेपुढे दुसरं कोणीच नव्हतं.

संध्याकाळच्या आत एका पंपावर थांबलो. तोच ट्रक तिथे उभा. आत खाणावळीत त्याचा ड्रायव्हर, एक दाढीवाला पोरगा, खिम्याचं पॅटिस खात बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, "या, या. तुमची ती हिरव्या पट्ट्याची कॅरव्हॅन ना? बॉस कुठेयत? गाडीतच बसलेत?"

"कोण बॉस?"

"तुमचे मिस्टर हो. तासभर माझं डोकं खाल्लं की त्यांनी. पण मजा आली. रस्ता सगळा पाठ आहे त्यांना." मग हसला. "तुम्हाला देवमासे बघायला जायचंय, यावरून चिडलेत मात्र. म्हणाले, समुद्रात काय बघायचं? पाणी."

मी टेबलाला धरून उभी राहिले. एल्वाकडे बघितलं, कडेनं, तर तिच्या गालावर पाणी. पण बाई हसत होती.

"आवाज कसा होता?" तिनं त्याला विचारलं. "थोडा खाकरत बोलत होते का?"

"हो, दर वाक्याला," तो म्हणाला. मग आमची तोंडं बघून त्याचा घास हातातच राहिला. पॅटिस तसंच टाकून गेला.

मी गाडीत आले, पान्हा घेतला आणि रेडिओ मुळापासून उपटला. तारा लोंबत राहिल्या. तो पंपाच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि वर कोणीतरी टाकलेली बटाट्याची सालं लोटली.

"काय करतेस हे? अगं, तो आपल्याबरोबर आहे," एल्वा म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

"तुझा भाऊ आहे, तर तू घेऊन जा त्याला घरी. मी त्याच्याबरोबर आयुष्य काढलं. एक हिवाळा मागतेय मी, एल्वा. मेल्यावर तरी सोडायचं ना माणसानं."

"तू पहिल्यापासून त्याच्यावर राग धरून आहेस," ती म्हणाली. त्या रात्री आम्ही एकाच कॅरव्हॅनमध्ये पाठीला पाठ लावून झोपलो.

सकाळी धुकं होतं. आणि पोरी, त्या धुक्याला समुद्राचा वास होता. शेवाळाचा, मिठाचा. किनाऱ्यावरचं सेडूना गाव आता लांब नव्हतं. तिथून पुढे देवमासे एका दिवसावर. मी खिडकीची काच खाली केली आणि लहान पोरासारखी नाकानं वास ओढत राहिले. थंडीनं दात वाजत होते, तरी काच वर केली नाही.

धुक्यात मला काहीच दिसेना. कडाही दिसेनात. एल्वा सांगत होती, तशी मी चालवत होते. सरळ. जरा डावीकडे. आता हळू. आता वळण आहे, उजवीकडे घे. मी घेतलं. ती फार गोड बोलत होती त्या सकाळी. मला वाटलं, रात्रीचं मनातून गेलं असेल. मीही म्हटलं, जाऊ दे.

मग हळूहळू तो समुद्राचा वास कमी झाला. त्याच्या जागी दुसरा वास यायला लागला. हातानं वळलेल्या विडीचा... मर्व्ह ओढायचा तसल्या तंबाखूचा. खिडकी उघडी, थंड वारा आत येतोय, आणि वास हलत नाहीये. माझ्या मानेपाशी बसल्यासारखा.

"एल्वा, तुला काही वास येतोय?"

"येतोय," ती म्हणाली. अगदी शांतपणे. "सकाळपासून येतोय."

चाकाखालचा आवाज बदलला होता. डांबर नव्हतं. खडखड, खडखड, सगळी कॅरव्हॅन हादरत होती. आणि तेवढ्यात धुकं वितळलं. ऊन आलं. आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे पश्चिमेला जाताना ऊन उजव्या गालावर असायला हवं. ते सरळ माझ्या डोळ्यांत आलं. मी गाडी थांबवली. उतरले. आजूबाजूला लाल माती. झाड नाही, झुडूप नाही. जिकडे मान वळवावी तिकडे लाल.

"कुठे आणलंस मला?"

ती गाडीतच बसून होती, विणकाम मांडीवर. "मी कुठे आणलं? त्यानं सांगितलं, इथून वळा."

"कोणी?"

"त्यानं... रेडिओवर."

"एल्वा, रेडिओ पिंपात आहे."

तिनं लोंबणाऱ्या तारांकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण आवाज ऐकला. त्यात भीती नव्हती, पोरी. तेच मला सहन झालं नाही. ती म्हणाली, "मला ऐकू येत होता, ग्लेन. तुलाही येत असणार. तू त्याला हो, हो म्हणत होतीस की."

मी एक शब्द बोलले नव्हते. देवाशपथ सांगते, तोंड मिटून गाडी चालवत होते.

गाडी वळवायला गेले आणि कॅरव्हॅनचा आस मोडला. एका बाजूला बसली ती बसलीच. गाडी सोडून जायचं नाही हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून बसून राहिलो. दिवस कलायच्या आत कुंपणं तपासत फिरणारा एक मेंढरंवाला आला आणि त्यानं आम्हाला ओढत या पंपावर आणलं. भला माणूस. त्याला मी खोदून खोदून विचारलं, तुला कोणी सांगितलं का आम्ही तिथे आहोत म्हणून. नाही म्हणाला. सहज आलो म्हणाला. तेवढं एक बरं वाटलं.

एल्वा बसनं घरी गेली. चढताना माझ्या गालाला ओठ लावून म्हणाली, "बघ, शेवटी त्याच्याच आवडत्या मुलखात आलीस." मुलगी रोज फोन करून परत ये म्हणते. पण परत गेले की संपलं. गॅरेजवाला म्हणतो, आस येतोय, आस येतोय. तिकडे देवमासे आता पिल्लांना पोहायला शिकवत असतील, आणि इकडे डाग रोज थोडा पसरतोय. काल कपाचा कान दिसत होता. आज कप चाचपावा लागला.

म्हणून तुला बोलावलं, टीगन. खरं सांगते, नुसतं चहाला नाही. मघाशी तुझा नवरा पंपवाल्याला सांगत होता, आम्ही देवमासे बघायला निघालो होतो म्हणून. उद्या तुम्ही खाली किनाऱ्याकडे जाल, तेव्हा मला मागच्या सीटवर घ्या. मी पेट्रोल भरीन, वाटेत तोंड उघडणार नाही. मला फक्त त्या कड्यावर उभं करा आणि सांगा, अमुक बाजूला बघ. कडेनं दिसेल मला. अजून दिसेल.

काय झालं? अशी गप्प का झालीस?

जायचं नाहीये तुम्हाला? ... का, आता उत्तरेला का? ... किनाऱ्याचा रस्ता बंद आहे? पाणी आलंय? कोण म्हणालं? इथे तर रोज गाड्या येतात तिकडून, कोणी काही बोललं नाही.

रेडिओवर.

माझं ऐक, पोरी. तो खोटं बोलतो. खाकरतो, गोड बोलतो, आधी तुम्हाला कुठे जायचंय ते विचारतो, आणि मग... त्याचं ऐकू नका. तुझ्या नवऱ्याला हाक मार, मी सांगते त्याला. म्हातारा होता ना? खाकरत बोलणारा म्हातारा?

नाही?

मग कोण?

... बाई?

म्हातारी बाई. चांगली बोलत होती. म्हणाली, समुद्र काय, कधीही बघता येतो, आत या, मी आहे इथे... आणि तुम्हाला वाटलं, ती मीच. आल्याबरोबर माझा आवाज ओळखलात तुम्ही दोघांनी. म्हणूनच चहाला हो म्हणालीस तू, आभार मानायला.

टीगन, माझ्याकडे रेडिओ नाही.