ड्यूटीवर चालत नाही

पहिल्यांदा त्याला पाहिलं, ते मी चोर समजूनच.

जानेवारीतली सकाळ. द्राक्षमळ्यावर धुकं होतं, आणि शेजारच्या दत्तूकाकांच्या बांधाला लागून आमची जी शेवटची ओळ आहे, तिथं कुणीतरी उकिडवं बसून वेलीच्या बुडाची माती हुंगत होतं. दिंडोरीच्या आमच्या या मळ्यात रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, वाइन चाखतात, वेलींसोबत फोटो काढतात. माती हुंगणारा मात्र कुणी आला नव्हता.

"ओ! कोण हे तिकडं? घडाला हात लावायचा नाय!" मी ओरडले.

तो दचकून उभा राहिला. केसांवर दव, नाकाच्या शेंड्यावर माती. "योगेश बागूल. सेंद्रिय तपासणीला आलोय," तो म्हणाला. "आणि... हात अजून लावला नाही."

"माणसं फाटकातून येतात."

"फाटकाजवळ सगळं छानच दाखवतात. मी बांधापासून सुरुवात करतो."

आगाऊच होता!

आमची वाइन खरोखर सेंद्रिय आहे की नाही, हे दरवर्षी बाहेरचा माणूस येऊन बघतो, तेव्हाच शिक्का मिळतो. त्या शिक्क्यात माझ्या वडिलांचा, आप्पांचा सगळा जीव. लोक वेड्यात काढत असताना त्यांनी शेणखत आणि जीवामृतावर मळा उभा केला. योगेशनं तो दिवसभर पायाखाली घातला. दुपारी आईनं चहा आणला, तर म्हणे, "ड्यूटीवर चालत नाही." पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्याला. आईनं तोंडात बोटच घातलं.

मग मी इरेला पेटले. आमची शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन, मी स्वतः बनवते. ग्लासात थोडी ओतून त्याच्यासमोर धरली. "पिऊ नका. वास तर घ्या."

"वासही नको."

"का?"

"आवडला तर?"

असं म्हणून त्यानं ग्लासाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"बागूल म्हणजे सटाण्याचे ना तुम्ही?" मी उगाच विषय बदलला. "मग अहिराणी बोला की थोडी."

"तीही ड्यूटीवर नाही." हसला, गाडीला किक मारली आणि गेला. वर्षभरासाठी!

ते वर्ष कसं गेलं, माझं मला ठाऊक. एप्रिलची छाटणी झाली, ऑक्टोबरची झाली, आणि मी आपली प्रत्येक वेलीशी 'आवडला तर?' घोळवत फिरतेय. त्या सालातली एक बाटली मी गोदामात मागच्या फळीवर लपवून ठेवली. का, ते आईनं विचारलं नाही. आयांना कळतंच.

पुढच्या जानेवारीत मी मुद्दाम आंबा रंगाचा कुर्ता घातला. दिवसभर त्यानं पानं बघितली, माती बघितली, गोदाम बघितलं. निघताना हेल्मेट घालता घालता म्हणाला, "रंग छान उतरलाय."

"कुठल्या ओळीतल्या घडांचा?"

"घडांबद्दल कोण बोलतंय?"

आणि पुन्हा गेला.

तिसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. वेलींच्या तारेच्या अलीकडे मी, पलीकडे तो. "मध्ये कधी... सहज म्हणून येत नाही तुम्ही."

त्यानं तारेवर हात ठेवला. "ज्या मळ्याची तपासणी करतो, तिथं पाहुणा म्हणून येता येत नाही, मॅडम. उद्या कुणी म्हणालं की शिक्का पाहुणचारावर मिळाला, तर? आप्पांच्या कष्टांवर डाग लागेल."

खरंच होतं त्याचं. म्हणून तर जास्त राग आला. तारेवर त्याचा हात माझ्या हाताच्या अगदी जवळ होता... तेवढाच जवळ राहिला.

त्या पावसाळ्यात मी एकच विचार करत होते. तो आमचा तपासनीस असेपर्यंत वर्षातून एकदा येणार, आणि तहानलेलाच जाणार. नसला, तर कदाचित कधीच येणार नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. पण हातात तरी काय होतं माझ्या?

मी त्यांच्या ऑफिसला फोन केला. "यंदा दुसरं कुणी पाठवा."

"बागूलांची काही तक्रार आहे का?"

"नाही... म्हणजे हो. आहे थोडी."



जानेवारीत त्याच्या जागी रोहिणी मॅडम तपासणीला आल्या, अगदी फाटकातून. काढणी झाली. मार्चमध्ये शिक्का मिळाला, आप्पांनी मळाभर पेढे वाटले. मी तोंड हसरं ठेवलं. त्याचा साधा फोनही नव्हता. इतकी आठवण यायची की बांधाकडे जाणंच मी टाकलं होतं.

आणि पेढे संपायच्या आत, भर दुपारी, तो फाटकातून चालत थेट गोदामात माझ्यासमोर आला. घामाघूम, पारा चढलेला.

"माझी तक्रार केलीत?"

"केली."

"काय चुकलं माझं? ऑफिसात सगळे विचारतात, बागूल, मळ्यात केलंस तरी काय!"

"दारात येऊन उपाशी जाता. आईला बघवत नाही."

"आईला?"

"...मलाही."

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. "ही तपासणी मीच सोडायला हवी होती," तो हळूच म्हणाला. "धीर झाला नाही. सोडली तर यायला निमित्तच उरणार नाही, असं वाटायचं. आताही शिक्का तुमच्या हातात पडेपर्यंत थांबलो."

"मग आज काय निमित्त?"

"काही नाही. तुम्हाला भेटायचं होतं... फार भेटायचं होतं, संजना."

नाव पहिल्यांदाच घेतलं त्यानं! मी गडबडून फाटकाकडे पाहिलं. "गाडी कुठंय तुमची?"

"बसनं आलो. दिंडोरीपासून चालत."

"एवढ्या उन्हात? का?"

त्यानं फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं. "वाइन पिऊन गाडी चालवू नये."

म्हणजे भांडायला निघालेला हा माणूस घरूनच सगळं ठरवून आला होता! मला हसू आवरेना. डोळेही आवरेनात. मी ती लपवलेली बाटली काढली, थोडी ओतली. त्यानं ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"आवडला तर?" मी विचारलं.

"मग रोज यावं लागेल."

त्यानं घोट घेतला.  घरातून आईची हाक आली, "कोण आलंय गं? चहा टाकू का?"

त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क अहिराणीत म्हणाला, "भारी शे."

"टाक, आई," मी ओरडले. "पाहुणे आलेत."