डबाभर संपलेले सेल

"ओ ताई... नाई, म्हणजे — म्याडम, थांबा!"

'ताई' म्हणून गेला आणि त्याने जीभ चावली. मला हसू आवरेना. वर्ध्याच्या बसस्टँडसमोर टॉर्चचे दोन संपलेले सेल मी घंटागाडीत टाकणार, तोच हा घड्याळाच्या दुकानातून धावत आला होता.

"कचऱ्यात काऊन टाकता? फुटले का आतलं सारं जमिनीत उतरते. आपल्या दुकानात पेटी हाय. भरली का नागपूरले जाते, तिथं आतला धातू काढतात. घरी अजून हायेत?"

"डबाभर हायेत."

"मंग आणा ना..." तो म्हणाला, आणि उगाच मान खाली घातली. त्याचं नाव धीरज, हे मला नंतर कळलं.

तो डबा बाबांचा. बाबा संपलेला सेल कधी फेकत नसत. पवनारच्या घराच्या गच्चीवर उन्हात ठेवायचे, आणि त्यांचा रेडिओ आणखी दोन दिवस बोलायचा. बाबा गेल्यावर रेडिओ मुका झाला, डबा तेवढा राहिला. तो एकदम रिकामा करायला माझा जीव होईना, म्हणून दर शनिवारी दोनच सेल नेऊ लागले.

धीरज हातमोजे घालून गळके सेल वेगळ्या पिशवीत ठेवायचा, बाकीच्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावायचा. "उन्हात वाळवलेले दिसतात," एकदा हळूच म्हणाला. "माह्ये बाबा बी वाळवत. आता नका वाळवू, लवकर गळतात." त्या दिवशी मी बाबांबद्दल खूप बोलले. तो ऐकत राहिला... माझ्या दोन बस सुटल्या.

पुढे पुढे मी बाबांसाठी जात नव्हते, हे मलाही कळत होतं.

आणि दिवाळीनंतर डबा संपला. आता कुठल्या तोंडाने जायचं? शनिवारी सकाळी मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. आई म्हणाली, "घड्याळ काऊन बंद पडलं वं?" मी म्हटलं, "सेल संपला असंल."

दुकानात धीरजने नेमका त्या दिवशी सेलला मीटर लावला. काटा टुणकन वर गेला.

"हा तं चालू हाय, प्रेरणा."

माझे कान तापले. बसकडे पळावंसं वाटलं. पण आज पळाले तर पुन्हा यायला कारणच उरणार नव्हतं...

"डबा संपला," मी म्हणाले. "अन् मले तुमच्याकडे यायचं होतं. तुमी आवडता मले."

मग हातमोजा काढून त्याने तो सेल माझ्या तळव्यावर ठेवला, आणि माझी बोटं त्यावर मिटली — अगदी सावकाश.

"घड्याळात घालजो," तो म्हणाला. "अन् पुढच्या शनिवारी रिकाम्या हातानं येजो."